रॉकेल पेटवणारा फार्मासिस्ट

घरातल्या मोठ्या माणसांपुढे ‘रॉकेल’ हा शब्द नुसता उच्चारून बघा. रेशनच्या दुकानापुढची रांग, निळ्या रंगाचं तेल, भरभर आवाज करणारा पंपाचा स्टोव्ह, राखेनं पुसलेली कंदिलाची काच... आठवणींची माळच सुरू होईल. कुणी त्याला घासलेट म्हणेल. तुमच्यापैकी अनेकांनी मात्र रॉकेल कधी हातातही धरलं नसेल.

हा शब्द आला कुठून, माहितीये? इंग्रजीतल्या ‘रॉक ऑइल’चं आपल्या जिभेवर झालेलं रॉकेल. म्हणजे दगडाचं तेल. पेट्रोलियमचा अर्थही तोच. लॅटिनमध्ये पेट्रा म्हणजे दगड आणि ओलियम म्हणजे तेल. हे दगडाचं तेल साफ करून दिव्यात पेटवायचं कुणी ठरवलं असेल? गुगल न करता उत्तर द्यायचं तर बहुतेक जण अमेरिकेकडे बोट दाखवतील. रॉकफेलरचं नाव घेतील. थोडं जास्त वाचलेले ड्रेकचं नाव सांगतील.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो यांपैकी कुणी नाही. तो होता एका औषधाच्या दुकानातला नोकर. शिक्षण मध्येच सुटलेलं, राजद्रोहाच्या संशयावरून तुरुंगात जाऊन आलेला, आणि नंतर कॉलेजला गेला तेव्हा एका विषयात अडकलेला. त्याचं नाव इग्नात्सी वुकाशेविच. पोलंडमध्ये त्याचे पुतळे आहेत, त्याच्या नावाचे रस्ते आहेत. तिथल्या संसदेनं २०२२ हे वर्ष त्याच्या नावानं जाहीर केलं होतं, कारण त्याच्या जन्माला तेव्हा २०० वर्षं झाली होती. आपल्याकडे मात्र त्याचं नाव क्वचितच कानावर येतं.

तवंग तर आधीपासूनच होता

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करूया. खनिज तेल कुणी एका माणसानं ‘शोधलं’ वगैरे काही नाही. ते स्वतःच वर येत होतं. जमिनीच्या पोटात दडलेलं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. खडकाला भेग मिळाली की ते हळूहळू वर सरकतं आणि कुठे झऱ्यात, कुठे डबक्यात, कुठे ओल्या मातीत पाझरतं. वर आलं की त्यातला हलका भाग हवेत उडून जातो आणि मागे उरतो तो चिकट काळा राप. तेच नैसर्गिक डांबर.

माणसाला हे हजारो वर्षं माहीत होतं. मोहेंजोदडोचं महास्नानगृह शाळेत शिकला आहात ना? त्याच्या भिंतीतून पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या थरांमध्ये हेच डांबर भरलेलं होतं. युफ्रेटिस नदीकाठच्या हीत गावातलं डांबर मेसोपोटेमियातल्या विटा जोडायला आणि होड्या लिंपायला वापरलं जाई. आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशात येनान्जाउंगला लोक हातानं विहिरी खणून तेल काढत. कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूलाही तेच चाले.

युरोपात कार्पेथियन डोंगरांच्या उत्तर उतारावर गॅलिशिया नावाचा प्रांत होता. आज त्याचा एक भाग पोलंडमध्ये आहे, दुसरा युक्रेनमध्ये. तिथले शेतकरी या पाझराला ‘रोपा’ म्हणत. डबक्यावर तवंग जमला की घोड्याच्या शेपटीच्या केसांचा झुपका त्यावरून फिरवायचा, केसांना चिकटलेलं तेल भांड्यात पिळायचं आणि पुन्हा फिरवायचा. या तेलानं बैलगाडीचा आस वंगवायचा, चामडं मऊ करायचं, जनावराच्या कातडीला खरूज झाली की चोळायचं. बस्स. दिव्यात घातलं तर ते धूर ओके, घरभर घाण वास पसरे आणि भिंती काळ्या होत. त्यामुळे शेतात तेलाचा झरा लागला तर शेतकऱ्याला आनंद व्हायचा नाही. पीक बुडालं म्हणून तो कपाळाला हात लावायचा.

तुरुंग, पाळत आणि एक बॅकलॉग

इग्नात्सीचा जन्म ८ मार्च १८२२ चा, गॅलिशियातल्या झादुश्निकी गावचा. त्या काळी नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो वाटून घेतला होता आणि गॅलिशिया ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेला होता. इग्नात्सीचे वडील जुन्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. घराण्याला मान होता, पण हातात पैसा नव्हता. झेशूव गावच्या शाळेत चार वर्षं काढल्यावर फी परवडेना. १४ वर्षांच्या इग्नात्सीला वान्त्सुत गावातल्या एका औषधालयात उमेदवारीला ठेवलं गेलं. खलबत्ता, तराजू, बाटल्या आणि लॅटिन नावं. आजच्या भाषेत इंटर्नशिप म्हणा, फक्त ती आवडीनं निवडलेली नव्हती.

पुढे झेशूवला एका औषधालयात नोकरी करताना तो गुप्त क्रांतिकारी संघटनेत सामील झाला. परक्या सत्तांविरुद्ध उठाव करायचा बेत होता. तो फसला. फेब्रुवारी १८४६ मध्ये त्याला अटक झाली. डिसेंबर १८४७ मध्ये पुराव्याअभावी सुटका झाली तेव्हा त्याच्या आयुष्यातली जवळपास दोन वर्षं कोठडीत गेली होती. सुटल्यावरही पोलिसांची पाळत होतीच आणि ल्वूव शहर सोडून जायचं नाही असा हुकूम होता. हे ल्वूव म्हणजे आजच्या युक्रेनमधलं लविव.

२५ वर्षांचा तरुण, हातात पदवी नाही, कपाळावर सरकारी शिक्का. अशा पोराला कोण नोकरी देणार? दिली ती प्योत्र मिकोलाश या औषध विक्रेत्यानं. ‘सोनेरी तारा’ नावाचं त्याचं औषधालय शहरातलं नावाजलेलं होतं. मिकोलाशनं नोकरी तर दिलीच, वर पुढच्या शिक्षणासाठी पैशांची मदतही केली. इग्नात्सी आधी क्राकूवच्या विद्यापीठात गेला. तिथे बाकी सगळे पेपर सुटले, पण औषधी वनस्पती आणि द्रव्यांच्या विषयात गाडी अडली. थोडक्यात, बॅकलॉग राहिला! त्या एका विषयापायी पदवी मिळेना. मग त्यानं व्हिएन्ना गाठलं आणि जुलै १८५२ मध्ये औषधशास्त्राची पदवी घेऊनच तो ल्वूवला परतला. तेव्हा त्याचं वय होतं ३०.

न खपलेलं औषध

त्या काळी औषधालयांत इटलीहून येणारं शुद्ध केलेलं ‘दगडाचं तेल’ विकलं जाई. सांधे धरले, त्वचेचं काही झालं की ते चोळायला देत. पण ते महाग पडायचं. इकडे गॅलिशियात तर तेल झऱ्यांतून फुकट वाहत होतं. बोरिस्वाव भागातले व्यापारी ते पिंपांतून ल्वूवला आणायला लागले होते. मग हे घरचंच तेल साफ करून औषध म्हणून का विकू नये? मिकोलाशच्या दुकानात प्रयोग सुरू झाले. इग्नात्सीबरोबर होता त्याचा सहकारी यान झेह.

प्रयोगाचं तत्त्व तुम्ही आठवी-नववीत शिकलेलंच आहे: ऊर्ध्वपातन. कच्चं तेल म्हणजे अनेक द्रव्यांचं मिश्रण. ते तापवलं की सर्वांत हलकी द्रव्यं आधी वाफ होऊन निघतात. ती इतकी ज्वालाग्राही असतात की ठिणगी लागली तर भडका उडतो. सर्वांत शेवटी तळाशी उरतो जड, काळा डांबरी गाळ. धूर आणि काजळी देणारा भाग तो. या दोन टोकांच्या मधे एक भाग असतो, साधारण १५० ते २७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान निघणारा. तो सहज भडकत नाही आणि जळताना फारसा धूरही देत नाही. या दोघांनी तो मधला भाग वेगळा काढला आणि गंधकाम्ल व कॉस्टिक सोड्यानं धुऊन स्वच्छ केला. हातात आलं नितळ, पातळ तेल.

आणि ते औषध म्हणून खपलं नाही!

इथे कुणीही म्हणालं असतं, जाऊ दे, सोडून देऊ. बाटल्या फडताळात धूळ खात पडल्या असत्या आणि आपली गोष्ट इथेच संपली असती. पण या दोघांना वेगळाच प्रश्न पडला. हे तेल चोळण्याऐवजी जाळलं तर? अडचण अशी की तेव्हाचे दिवे घट्ट वनस्पती तेलासाठी बनवलेले होते. या पातळ तेलाला ते चालणार नव्हते. मग आदाम ब्रात्कोव्स्की नावाच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरलं. अनेक खटपटींनंतर नवा दिवा तयार झाला. खाली तेलाची टाकी, त्यातून वर येणारी वात आणि ज्योतीभोवती अभ्रक. काचेसारखं पारदर्शक आणि उष्णतेनं न तडकणारं. १८५३ च्या मार्चमध्ये हा दिवा ‘सोनेरी तारा’च्या दर्शनी खिडकीत पेटला. चरबीच्या मेणबत्त्यांच्या मिणमिणत्या उजेडात जगणाऱ्या शहरासाठी तो काय नजारा असेल, कल्पना करा.

३१ जुलै १८५३

खिडकीतला दिवा ही झाली जाहिरात. खरी परीक्षा झाली ती रुग्णालयात. ३१ जुलै १८५३ च्या रात्री ल्वूवच्या सार्वजनिक रुग्णालयात एका रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली. सकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, ताबडतोब शस्त्रक्रिया करायला हवी होती. पण रात्री शस्त्रक्रिया करायची म्हणजे मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात सुरी चालवायची. म्हणून वुकाशेविचचे दिवे मागवले गेले. त्या स्थिर, उजळ प्रकाशात डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली.

नंतर रुग्णालयानं दिव्यांसाठी तब्बल ५०० किलो तेलाची मागणी नोंदवली. पोलंडमध्ये आजही ३१ जुलै हा दिवस तेल उद्योगाचा जन्मदिवस मानला जातो. म्हणजे ज्या उद्योगाचं नाव काढलं की आपल्याला युद्धं, किमती आणि प्रदूषण आठवतं, तिथे त्याची सुरुवात एका रुग्णाचा जीव वाचवणाऱ्या दिव्यापासून मोजतात.

पण हा प्रकाश निर्धोक नव्हता, हेही सांगायला हवं. तेलातला हलका भाग नीट वेगळा झाला नाही, साठवताना हयगय झाली की आग लागायची. १८५८ मध्ये यान झेहच्या दुकानाला आग लागली आणि त्यात त्याची बायको आणि मेहुणी दगावल्या. झेहनं या धंद्याला रामराम ठोकला. जगाला उजेड देणाऱ्या दोघांपैकी एकाच्या घरात त्याच तेलानं अंधार केला.

बूब्रकाच्या विहिरी

दिवा तर झाला. पण शेपटीच्या केसांनी तवंग गोळा करून असं किती तेल मिळणार? रुग्णालय, रस्ते, घरं, सगळीकडे दिवे लावायचे तर तेल भरपूर हवं. १८५४ मध्ये इग्नात्सी ल्वूव सोडून पश्चिमेला गोर्लित्से गावी आला. तिथल्या चौकातही त्याचा दिवा लागला, आणि तेलावर चालणारा जगातला पहिला रस्त्यावरचा दिवा म्हणून गोर्लित्सेकर आजही तो मिरवतात.

याच सुमारास तितुस त्शेचेस्की नावाच्या जमीनदाराशी त्याची गाठ पडली. क्रोस्नो शहराजवळच्या बूब्रका गावच्या रानात जमिनीतून तेल पाझरतं, हे त्शेचेस्कीला ठाऊक होतं. जमीन होती कारोल क्लोबासाची. तिघांचं जमलं. एकाची जमीन, एकाचं भांडवल, एकाचं डोकं. आजच्या भाषेत को-फाउंडर्सच म्हणा. १८५४ मध्येच बूब्रकाला काम सुरू झालं. आधी पाझराच्या जागी चर खणले, त्यात साचलेलं तेल भरून घेतलं. ते पुरेना तेव्हा सरळ खाली उतरायचं ठरलं. विहिरी खणायच्या!

ही खणाई कशी चालायची ते डोळ्यांपुढे आणा. चौकोनी, अरुंद विहीर. माती ढासळू नये म्हणून चारी बाजूंनी लाकडाचं अस्तर. वर रहाट, त्याच्या दोराला बांधून एक माणूस आत सोडायचा. हातात कुदळ आणि फावडं. जसजसं खोल जावं तसतसा जमिनीतला वायू साचायचा. उघडा दिवा न्यावा तर स्फोट, नेऊ नये तर काळोख. वरून भात्यानं ताजी हवा आत सोडत राहायची. ती थांबली तर खालचा माणूस गुदमरलाच. अशा रीतीनं हातानं खणलेली ‘फ्रानेक’ नावाची १८६० ची विहीर आजही बूब्रकाला आहे. तिची खोली ५० मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण १५-१६ मजली इमारत जमिनीत उलटी गाडावी तितकी. आत डोकावलं तर तेलातून वायूचे बुडबुडे येताना आजही दिसतात.

१८५६ मध्ये इग्नात्सीनं यास्वो गावाजवळ उलाशोवित्से इथे शुद्धीकरणाचा कारखाना काढला. गंमत म्हणजे सुरुवातीला दिव्याच्या तेलाला पुरेसं गिऱ्हाईकच नव्हतं. कारखाना चालायचा तो बराचसा डांबर, वंगण आणि यंत्रांच्या तेलावर. १८५९ मध्ये तो आगीत जळून खाक झाला. पुढच्या वर्षी त्यानं पोलांका इथे नवा उभा केला आणि १८६५ मध्ये होर्कुव्का गावी जमीन विकत घेऊन तिसरा. एव्हाना दिव्यांचा प्रसार झाला होता. जेमतेम शाळा शिकलेला औषधालयातला पोऱ्या आता गॅलिशियातल्या श्रीमंतांपैकी एक झाला होता.

पैसा आला तेव्हा

या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आता येतो. शोध लावणारे पुष्कळ असतात. शोधातून आलेल्या पैशाचं पुढे काय केलं, यावरून माणूस कळतो.

विहिरीत उतरणाऱ्या मजुराच्या जिवाची किंमत त्या काळात फारशी कुणी करत नव्हतं. वुकाशेविचनं बूब्रकाला कामगारांसाठी निधी सुरू केला. मजुरीतून थोडी रक्कम त्यात जमा व्हायची. त्यातून आजारपणात मदत, औषधोपचार आणि म्हातारपणी पेन्शन मिळायची. पेन्शन हा शब्द मजुराच्या बाबतीत कुणी उच्चारतही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट आहे. आसपासच्या गावांत त्यानं स्वतःच्या खिशातून रस्ते आणि पूल बांधले, शाळांना पैसा दिला. मुलींना हाताला काम मिळावं म्हणून लेस विणायची शाळा काढली. १८६३ मध्ये रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये उठाव झाला तेव्हा त्यानं पैसा पुरवला आणि पळून आलेल्या बंडखोरांना आपल्याकडे काम व आसरा दिला. तुरुंगातली दोन वर्षं तो विसरला नव्हता. पुढे तो गॅलिशियाच्या विधानसभेवर निवडून गेला. तेल व्यावसायिकांची संघटना उभी राहिली तेव्हा तिचा पहिला अध्यक्षही तोच झाला.

घरचं सुख मात्र अपुरं राहिलं. १८५७ मध्ये त्यानं होनोराताशी लग्न केलं. त्यांची एकुलती एक मुलगी अगदी लहानपणीच गेली. मग दोघांनी एक मुलगी दत्तक घेतली.

आणखी एक गोष्ट. ज्याला तेलाची माहिती हवी असेल त्याला तो ती मोकळेपणानं द्यायचा. कोणती जमीन तेलाची, विहीर कशी खणायची, तेल कसं गाळायचं, काही लपवालपवी नाही. आपलं ज्ञान कुलपात ठेवून शेजाऱ्याला गिऱ्हाईक बनवायचं, हा धंद्याचा फंडा त्याला जमलाच नाही किंवा जमवायचाच नव्हता. पुढे याच गॅलिशियात बोरिस्वावला तेलाची लूट सुरू झाली. असुरक्षित खड्ड्यांत अगदी स्वस्तात माणसं राबली आणि मेलीही. त्या पार्श्वभूमीवर बूब्रका वेगळं उठून दिसतं. तेल तेच, खडक तेच. फरक पडला तो मालकामुळे.

मग पहिला कोण?

हा वाद कधी संपत नाही, म्हणून थोडक्यात बघूया. अब्राहम गेस्नरनं कॅनडात १८४६ मध्येच कोळशासारख्या खनिजापासून दिव्याचं तेल काढून दाखवलं होतं आणि ‘केरोसीन’ हे नाव त्यानंच दिलं. बाकूजवळ १८४० च्या दशकातच यंत्रानं छिद्र पाडून तेल शोधलं गेलं होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकला तेल लागलं ते २७ ऑगस्ट १८५९ रोजी, जेमतेम ६९ फुटांवर. म्हणजे बूब्रकानंतर पाच वर्षांनी. पण ड्रेकच्या मागे अमेरिकेची बाजारपेठ होती, रेल्वे होती, भांडवल होतं. काही वर्षांत अमेरिकन रॉकेल जगभर पोचलं. पुढे त्याचे डबे हिंदुस्थानातही आले. आपल्याकडे करडईच्या आणि एरंडीच्या तेलावरचे दिवे मागे पडले आणि कंदील व चिमण्या आल्या.

वुकाशेविचनं आपली नोंद दगडावर ठेवली आहे. ४ नोव्हेंबर १८७२ रोजी बूब्रकाच्या रानात त्यानं एक साधा दगडी स्तंभ उभारला. खाण १८५४ मध्ये सुरू झाली, एवढं त्यावर कोरलेलं आहे. आज त्या स्तंभाभोवती तेल उद्योगाचं मोठं संग्रहालय आहे आणि त्याच आवारात जुन्या विहिरींतून अजूनही थोडं थोडं तेल निघतं.

७ जानेवारी १८८२ रोजी न्यूमोनियानं तो गेला, होर्कुव्काच्या राहत्या घरी. वय होतं ५९. जवळच्या झ्रेंचिन गावी त्याला पुरलं.

तुमच्यासाठी यात काय?

आज आपण तेलापासून दूर कसं जायचं याचा विचार करतोय. घरातला स्टोव्ह गेला, आता रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या आल्यात. दीडशे वर्षांत तेलानं प्रकाश दिला, वेग दिला आणि हवेत इतका कार्बन सोडला की त्याची किंमत तुमच्या पिढीला मोजावी लागणार आहे. मग तेलवाल्याची गोष्ट आता कशाला?

कारण ज्या डबक्याला शेतकरी वैतागत होता, त्यातच एका नोकरदार पोरानं उजेड बघितला. त्याच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. होतं औषधाचं दुकान, एक जोडीदार, एक पत्र्याचं काम करणारा कारागीर आणि न खपलेल्या बाटल्या. उद्या उन्हातून, वाऱ्यातून किंवा आज आपल्याला कचरा वाटणाऱ्या कशातून तरी नवी ऊर्जा काढणारा कुणी असाच असेल. कदाचित त्याचा किंवा तिचाही एखादा विषय राहिलेला असेल.

तेव्हा एटीकेटी लागली म्हणून खचू नका. आणि तुमचा शोध चालला, पैसा आला, तर विहिरीत उतरणाऱ्या माणसाकडे आधी बघा. तो दोराला बांधलेला असतो आणि दोर तुमच्या हातात असतो.